काठीवाल्यांचं घर

मंदाकिनीबाईंनी मुलीला सांगितलं, की महिला मंडळाची सहल सोलापूरला सिद्धेश्वराची जत्रा बघायला निघाली आहे. मंडळ खरं होतं, जत्राही खरी होती; सहलीला मात्र त्या एकट्याच निघाल्या होत्या. संगमनेरच्या स्टँडवर एसटीत बसल्यापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. खिडकी उघडली तर वारा झोंबायचा, लावली तर गुदमरायचं. शेजारच्या बाईंनी दोनदा जागा बदलून दिली, तिसऱ्यांदा सरळ डोळे मिटून घेतले.

कारण असं, की त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, स्वरूपानं, पुण्यात नोकरी करता करता लग्न ठरवलं होतं. मुलगा सोलापूरचा, प्रभुलिंग नावाचा, तिच्याच विमा कंपनीत. इथवर बाईंची काही तक्रार नव्हती. फोटोत मुलगा बरा दिसत होता, दातही सरळ होते. पण त्याला पुण्यात बढतीची जागा मिळत होती आणि ती त्यानं नाकारली होती. का, तर घरात काठीचा मान आहे म्हणे. संक्रांतीच्या जत्रेत देवाचे उंच नंदीध्वज निघतात, त्यातला एक धरणाऱ्यांत त्याच्या घरचा माणूस असतो, महिनोन् महिने सराव करावा लागतो, गाव सोडून चालत नाही. तेव्हा आता स्वरूपाच सोलापूरला बदली मागून घेणार होती.

"एका काठीसाठी?" बाईंनी फोनवर विचारलं.

"आई, ती नुसती काठी नसते," स्वरूपा म्हणाली, आणि तिथंच बाईंचं डोकं फिरलं.

बाईंना देवाधर्माचं वावडं नव्हतं. त्यांना भीती होती ती पुरुषांच्या हट्टाची, आणि ती भीती त्यांनी घरात पोसलेली होती. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. पाठ दुखायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाला थांबा, ते म्हणाले एवढी खेप होऊ दे. अशा किती खेपा झाल्या देव जाणे. मग एक दिवस गाडीतून उतरताना पाय जमिनीला लागलेलाच कळेना, आणि तिथून मरेपर्यंत ते समोरच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर होते. बाईंनी त्यांना उठवलं, बसवलं, पुसलं, भरवलं. स्वरूपानं शाळेचा अभ्यास त्या कॉटच्या कडेला बसून केला. केवढी सेवा केली हो, असं लोक म्हणायचे. सेवा हा शब्द बाईंना तेव्हापासून ऐकवत नाही.

स्वरूपानं एक गोष्ट चांगली केली होती. तुझा होकार असेल तरच, असं तिनं स्वच्छ सांगून टाकलं होतं. संक्रांत झाली की मुलाकडचे संगमनेरला यायचे होते, रीतसर विचारायला. त्याच्या आत बाईंना हो की नाही ते ठरवायचं होतं. रीतसर आलेली माणसं सगळी सारखीच दिसतात, इस्त्री केलेली. म्हणून त्यांनी ठरवलं, की आपण आधी बेरीतसर जाऊन यायचं.

सात रस्त्याजवळच्या लॉजवर पिशवी टाकून त्यांनी नुसतं तोंड धुतलं आणि निघाल्या. पलंगावर टेकावंसंही वाटेना. रिक्षावाल्यानं अर्ध्या वाटेतच सोडलं; पुढे सगळा रस्ता माणसांनी भरला होता. आणि माणसं कशी, तर जिकडे बघावं तिकडे पांढरी. पांढरं धोतर आणि पांढरी बाराबंदी, म्हणजे बटणांच्या जागी बंद असलेला आखूड अंगरखा. म्हातारे, तरणे, बापाच्या खांद्यावरची पोरं, सगळ्यांच्या अंगात तेच. यातून एक माणूस ओळखून काढायचा म्हणजे पोत्यातला तांदूळ ओळखण्यासारखं होतं. बाईंनी आपला फोनमधला फोटो दोनदा काढून बघितला आणि ठेवून दिला.

देऊळ तळ्याच्या मधोमध. दगडी वाट पार करून आत जाईपर्यंत बाई तीन वेळा रांगेतून बाहेर पडून पुन्हा आत आल्या. दर्शन झालं, पण देवाला काय मागायचं ते आठवेना. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी इथं सिद्धराम नावाचा योगी होऊन गेला, हे तळं त्यानंच लोकांना घेऊन खणलं, ही त्याची समाधी, हे सगळं फलकावर लिहिलेलं होतं. ते त्यांनी वाचलं आणि डोक्यात शिरलं नाही. शेवटी पायरीवर बसलेल्या फुलवालीनं जत्रेची मूळ गोष्ट सांगितली तेव्हा मात्र त्यांचे कान उभे राहिले.

कुंभाराची एक मुलगी होती म्हणे, रोज सिद्धरामाच्या दारात सडारांगोळी घालायची. तिनं मनात धरलं, लग्न करीन तर ह्याच्याशी. तो योगी, तो कसला करतोय. मुलगी हटेना. तेव्हा तो म्हणाला, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. आणि तिनं लावलं. तेच लग्न दर वर्षी होतं, उद्या दुपारी, देवळाजवळच्या सम्मती कट्ट्यावर. त्या योगदंडाच्याच ह्या काठ्या, म्हणून त्यांना नवऱ्यासारखं बाशिंग बांधतात आणि सगळं सोलापूर अक्षता टाकतं. फुलवालीनं हे सगळं इतक्या कौतुकानं सांगितलं, की जणू तिच्या घरातलंच कार्य होतं.

"मुलीच्या आईनं काय म्हटलं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

फुलवालीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, की आईचं काही सांगत नाहीत. बाई उठल्या. पोरगी एका दंडाला गळ्यात बांधून घेतेय आणि आई त्या गोष्टीत कुठं नाहीच, हे त्यांना मुळीच पटलं नाही. देवळातून बाहेर पडेपर्यंत त्या कुंभारणीच्या बाजूनं मनातल्या मनात भांडत होत्या.

तिथून त्या तडक नवी पेठेत गेल्या. प्रभुलिंगच्या घरचं कपड्याचं दुकान तिथं आहे आणि गल्ल्यावर त्याची आई गुरम्मा स्वतः बसते, एवढं स्वरूपाच्या बोलण्यातून त्यांनी टिपून ठेवलं होतं. दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारातच बाराबंद्यांचा ढीग, पुढे गिऱ्हाइकांची झुंबड, आणि आत एक ठसठशीत बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, एकाच वेळी मराठीत भाव सांगत होती आणि कानडीत नोकराला झापत होती. मंदाकिनीबाई दारात घुटमळल्या, पुढे गेल्या, परत आल्या. गुरम्मानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हातातलं माप खाली ठेवलं.

"या की अक्का, आत या. कुटनं आलाय?"

नगरकडून, जत्रा बघायला, असं बाईंनी सांगितलं. काय दाखवू, तर त्यांच्या तोंडून चादर निघून गेलं. चादर काय, सगळेच नेतात, असं म्हणत गुरम्मानं चादरी काढल्या, आणि बाईंनी एकही घडी न उलगडता चौकशी सुरू केली. दुकान किती जुनं, घरात कोण कोण, मुलं काय करतात, मुलगा किती वाजता घरी येतो. जगात कुठल्याही गिऱ्हाइकानं चादर घेताना दुकानदाराच्या मुलाची येण्याची वेळ विचारली नसेल. पण गुरम्मा न कंटाळता सांगत गेली. नवरा शिवयोगी, आयुष्यभर काठी धरली, आता छातीत नळी बसवलीय तेव्हापासून मुलगा धरतो. मुलगी दानेश्वरी मैंदर्गीला दिलेली. मुलगा विम्यात. एवढं सांगून तिनं नोकराला चहा आणायला पिटाळलं, पुढची गिऱ्हाइकं पुतण्याकडे वळवली आणि बाईंना आतल्या गादीवर बसवून घेतलं.

"तुमी परगावच्या," ती आवाज खाली आणून म्हणाली. "तुमाला सांगितलं तर कुटं जातंय? माझ्या पोराच्या पाठीत दुखणं हाय. मणक्यातली गादी सरकलीया म्हणून डाक्टरनं फोटो दाखवला. वजन उचलायचं न्हाय म्हणला, न्हायतर पाय जातील. ह्यो ऐकतोय व्हय."

मंदाकिनीबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. गुरम्मानं ते बघितलं, पण थांबली नाही. उद्या देवाचं लग्न, उद्या काठीला बाशिंग, सगळ्यात जड दिवस तोच. एरवी धरणारे आळीपाळीनं हात बदलतात, त्यात लाज नसते. पण कट्ट्याकडचा शेवटचा टप्पा त्यांच्या काठीला त्यांच्याच घरच्या माणसानं धरायचा, असं आजेसासऱ्याच्या वेळेपासून चालत आलंय. पोरानं सोडली तर म्हातारा कंबर बांधून उभा राहील. त्याची छाती ही असली. म्हणून पोरगं बोलत नाही. डॉक्टरकडून आल्याच्या दिवशी त्यानं आईला सिद्धरामाची शपथ घातली, घरात सांगायचं नाही, भावकीत सांगायचं नाही, पाहुण्यांत सांगायचं नाही.

लग्न ठरलंय का त्याचं, असं बाईंनी विचारलं.

"ठरतंय," गुरम्मा म्हणाली. "लई गुणी पोरगी हाय. तिला बी म्हाईत न्हाय."

बाईंनी चादर घेतली. कोणत्या रंगाची ते लॉजवर गेल्यावर कळलं. ती रात्र त्यांनी कूस बदलत काढली. सकाळ व्हायच्या आत उत्तर ठरलं होतं: नाही. एकदा एका कॉटच्या कडेला जन्म काढून झाला होता. तीच कॉट मुलीच्या खोलीत हलवायला त्या सोलापूरला आल्या नव्हत्या. त्यांना रागही आला, संतापच आला, मुलापेक्षा जास्त त्या दडवादडवीचा. बापाला कळू नये म्हणून पोरगा गप्प, पोराच्या शपथेखातर आई गप्प, आणि ह्या सगळ्या गप्प माणसांच्या घरात आपली मुलगी जाणार, उजेडात काही नाही. आंघोळ उरकून त्यांनी स्वरूपाला फोन लावला. मुलगी घाईत होती, कंपनीतली बैठक सुरू होणार होती.

"सहल मस्त चाललीय ना?" तिनं विचारलं. "काठ्या बघितल्यास का? खरं सांग, अंगावर काटा आला की नाही?"

बाईंच्या ओठांवर आलेलं 'नाही' तिथंच अडकलं. आवाजात इतका आनंद असलेल्या माणसाला घाईघाईत काय सांगायचं. नंतर बोलू म्हणून त्यांनी फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं सांगून टाकायला हवं होतं. परत लावला, तर बंद लागला.

परतीची गाडी संध्याकाळची होती. लॉजच्या खोलीत बसणं शक्य नव्हतं, तेव्हा बाई रस्त्यावर आल्या आणि लोंढ्याबरोबर चालू लागल्या. उन्हात सगळा जमाव देवळाकडे सरकत होता. हलगी, सनई, बँड, मधूनच हजारो गळ्यांतून एकदम उठणारा हर्र बोला हर्रचा गजर. मग गर्दीच्या डोक्यांवर त्यांना काठ्या दिसल्या. घरांच्या गच्च्यांना भिडतील एवढ्या उंच, फुलांनी आणि बाशिंगांनी सजलेल्या, एकामागून एक, हळूहळू डुलत येणाऱ्या. आणि प्रत्येक काठीखाली एकच माणूस. कमरेला रुंद पट्टा, पट्ट्यात टेकवलेला काठीचा बुंधा, दोन्ही हातांनी तोल, आणि नजर कायम वर शेंड्याकडे. बाजूला सोबती चालत होते, पण भार एकट्याचा. काटा आलाच बाईंच्या अंगावर, आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

एका दुकानाच्या पायऱ्यांवर बायका उभ्या होत्या. बाई तिथं चढल्या तर शेजारी हिरव्या बांगड्यांचा हात आला. गुरम्मा होती. आज तिनं इरकल नेसलं होतं, आणि तोंड उतरलेलं होतं.

"झोप न्हाय लागली न्हवं?" ती म्हणाली. "मला बी न्हाय."

गुरम्मा काठ्यांकडे बघत बोलत राहिली.

"तुमी दुकानात पाय टाकला तवाच वळखलं मी. स्वरूपाच्या वाढदिवसाचा फोटू हाय की पोराच्या मोबाईलात, तिच्या शेजारी तुमी उभ्या. म्हणलं, बरं झालं गिऱ्हाईक म्हणून आल्या. पावणी म्हणून आला असता तर शपथ आडवी आली असती, पेढा हातावर ठेवून गोडगोड बोलून पाठवलं असतं. गिऱ्हाइकाची शपथ न्हाय घातली त्यानं."

मंदाकिनीबाईंना आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि ते बाहेर पडायच्या आत राग आला. मला कशासाठी सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. मोडायचं असेल तर तुम्हीच मोडा की.

"मोडायला न्हाय सांगितलं," गुरम्मा म्हणाली, आणि आता ती बाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यो माझं ऐकत न्हाय. तुमच्या पोरीचं ऐकंल. तिला फोन लावा, आत्ता. ती म्हणली सोड, तर सोडंल त्यो."

म्हणजे हे होतं तर. मंदाकिनीबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवाच्या लग्नाच्या दिवशी, पिढ्यांचा मान, ऐन शेवटच्या टप्प्यावर काठी सोडायला लावली कुणी, तर अजून उंबरठाही न ओलांडलेल्या सुनेनं. हे वाक्य त्या घरात, त्या गल्लीत, पुढची तीस वर्षं सांगितलं जाईल. काही चांगलं झालं की देवाची कृपा, आणि वाईट झालं की तेव्हा तिनं काठी सोडायला लावली म्हणून. बाई तसं बोलल्याही, अगदी स्पष्ट. वाईटपणा सगळा माझ्या पोरीनं घ्यायचा आणि तुम्ही शपथ पाळून चांगल्या राहायचं, असं त्या म्हणाल्या. गुरम्मानं ते नाकारलं नाही. पदर तोंडाला लावून ती खाली बघत राहिली.

तेवढ्यात त्यांची काठी समोर आली. ती बिरप्पा नावाच्या एका धिप्पाड माणसानं धरली होती; गुरम्मानं बोटानं दाखवून सांगितलं, प्रभुलिंगचा सरावातला जोडीदार. इथून शेवटचा टप्पा सुरू होत होता. शेजारी तिचे यजमान, पांढऱ्या मिशांचे शिवयोगी, हाताची घडी घालून उभे होते, चेहऱ्यावर मालकाचं समाधान. प्रभुलिंग पुढे झाला, पट्टा आवळला, वर बघून हात जोडले, आणि बुंधा स्वतःकडे घेतला. गर्दीनं गजर केला. बाईंनी त्याचा चेहरा बघितलाच नाही. त्यांची नजर सरळ पायांवर गेली.

उजवा पाय टाकताना तो ओढत होता. अगदी जरासा. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता, पण हा पाय बाईंच्या ओळखीचा होता. यजमानांचा असाच सुरू झाला होता, चप्पल निसटते म्हणायचे, आणि त्यांनी नवी चप्पल आणून दिली होती.

काठी दहा-बारा पावलं गेली आणि थांबली, कारण पुढच्या काठ्या कट्ट्याच्या तोंडाशी खोळंबल्या होत्या. उभं राहणं चालण्याहून जड. वरचं बाशिंग एका बाजूला झुकलं, बायकांच्या तोंडून एकदम श्वास निघाला, आणि काठी पुन्हा सरळ झाली. प्रभुलिंगच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. बाईंनी हातात फोन घेतला. स्वरूपाचं नाव समोर आलं. अंगठा त्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. लावला तर मुलगी कायमची वाईट ठरणार होती. लावला नाही आणि उद्या लग्न मोडलं, तरी हा मुलगा आत्ता इथं, त्यांच्या डोळ्यांदेखत, पाय गमावणार होता. दुसऱ्याचा मुलगा म्हणून त्याच्याकडे बघत उभं राहणं त्यांना जमेना. त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरल्या.

पुरुषांच्या त्या पांढऱ्या कड्यात नऊवारी नाही, बाराबंदी नाही, मळखाऊ रंगाची पाचवारी नेसलेली एक बाई शिरली, तेव्हा लोकांना वाटलं चक्कर येतेय म्हणून वाट शोधतेय. ते बाजूला झाले. बाई थेट प्रभुलिंगच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्याची नजर वर शेंड्यावर. ती खाली आली की तोल गेला.

"काठी बिरप्पाकडे दे," बाई हळूच म्हणाल्या.

"कोण?" त्यानं वर बघतच विचारलं.

"स्वरूपाची आई."

तो ओठ न हलवता म्हणाला, "आई, बाजूला व्हा. मी सोडली तर आप्पा घेतील."

"ते माझ्यावर सोड."

आता शिवयोगी पुढे आले होते. काय प्रकार आहे त्यांना कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं, की कुणी एक अनोळखी बाई ऐन वेळी काठीच्या वाटेत उभी आहे. त्यांनी आवाज चढवला नाही, पण आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले.

"ओ बाई, सरका. देवाची काठी हाय. मधी येऊ न्हाय."

"हा काठी धरणार नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ह्याच्या मणक्यातली गादी सरकलीय. डॉक्टरनं उचलू नको म्हणून सांगितलंय. तुम्हाला त्रास होईल म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी सांगते."

शिवयोगींनी मुलाकडे बघितलं. मुलाचे डोळे शेंड्यावर होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. म्हाताऱ्याला जे कळायचं ते कळलं. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कमरेकडे गेला, धोतराची गाठ आवळायला.

"आणि तुम्हीसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ठाम होता, नवऱ्याला कुशीवर वळवताना असायचा तसा. "तो बिरप्पा धरेल. वाईटपणा कुणावर घालायचा असेल तर माझ्यावर घाला. देवाला मी सांगते काय सांगायचं ते."

"आमच्या घरातलं सांगनार तुमी कोन?" शिवयोगींनी विचारलं.

मागे हलगी वाजत होती. मंदाकिनीबाईंनी दोन दिवस ह्या प्रश्नाचं उत्तर टाळलं होतं, चादरीच्या दुकानात टाळलं, फोनवर टाळलं. पाहुणी, प्रवासी, गिऱ्हाईक, यातलं काहीही म्हणाल्या असत्या तर तो म्हातारा त्यांना हातानं बाजूला करून पुढे गेला असता, आणि ते बरोबरच होतं. काठी थांबवायचा हक्क फक्त घरच्या माणसाला होता.

"मी त्याची सासू," त्या म्हणाल्या.

शिवयोगींनी कमरेवरचा हात काढला आणि न वळता कानडीत बिरप्पाला दोन शब्द सांगितले. बिरप्पा आला, पट्टा आवळला, छातीनं बुंध्याला भिडला. काठी वर एकदा हलली आणि स्थिर झाली. गजर उठला, पुढची वाट मोकळी झाली होती, बिरप्पा चालू लागला, आणि शिवयोगी रिकाम्या हातानं काठीच्या शेजारून चालू लागले, मान खाली घालून.

प्रभुलिंगनं डोळे खाली आणले. त्यानं बाईंना पहिल्यांदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याचा उजवा गुडघा दुमडला. विचार करायला वेळच नव्हता. बाईंचा खांदा त्याच्या काखेखाली गेला, एक हात पाठीमागून कमरेला, एक पाय मागे रोवलेला, अगदी जसं करायचं असतं तसं. तरण्या माणसाचा सगळा भार अंगावर आला. ह्यातून सुटायला त्या इथवर आल्या होत्या. लोखंडी कॉट त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि त्यांना रडू आलं, आणि धरलेला हात त्यांनी सैल केला नाही.

दुसऱ्या काखेखाली कुणीतरी शिरलं. बांगड्या वाजल्या. देवळाच्या बाजूला हजारो माणसांनी एकदम हात वर केले. लग्न लागलं होतं, अक्षता उडत होत्या, आणि ह्या तिघांची पाठ तिकडे होती.

"कुटं न्यायचं?" गुरम्मानं धापा टाकत विचारलं.

"आधी दवाखान्यात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मग तुमच्या घरी. मला अजून घर बघायचंय."